क्षारपडीतून खाडीकडे : मुंबईतले तीन दिवस

शिरोळ तालुक्यात आमचा एक तुकडा आहे. एके काळी तिथे ऊस उभा असायचा. पाणी भरपूर, निचरा कमी, आणि वर्षानुवर्षं तेच पीक. जमिनीतलं पाणी वर चढत गेलं, क्षार वर आले आणि आता मार्च उजाडला की तो तुकडा चुना शिंपडल्यासारखा पांढरा दिसतो. आमच्याकडे त्याला क्षारपड म्हणतात. वडील त्याच्याबद्दल फारसं बोलत नाहीत, बांधावरून जाताना नजर दुसरीकडे वळवतात.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. मिठात जगणाऱ्या वनस्पती हा धडा दरवर्षी शिकवायचा, फळ्यावर पानाचा आडवा छेद काढायचा आणि पुढे जायचं. पण खारफुटीचं झाड हात लावून कधी बघितलं नव्हतं. यंदा माघी पौर्णिमेला जोडून सुट्टी मिळाली. मोठी बहीण मुलुंडला राहते आणि तिची मुलगी शाल्मली वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. करते. तिला फोन केला. ती म्हणाली, "मावशी, पौर्णिमेलाच ये. उधाणाची भरती मिळेल."

पहिला दिवस : ऐरोली

रात्रीच्या गाडीने पहाटे पोचले. ताईकडे अंघोळ, गरम उपमा आणि चहा झाला आणि नऊ वाजता आम्ही दोघी बाहेर पडलो.

ऐरोलीला खाडीकाठी वनखात्याचं सागरी जैवविविधता केंद्र आहे. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. लोक येतात ते मुख्यतः बोटीतून फ्लेमिंगो बघायला. आम्ही बोटीआधी लाकडी पुलावरून झाडांत शिरलो.

पहिली जाणवली ती हवा. फेब्रुवारीतलं ऊन बाहेर चटचटत होतं, आत मात्र गारवा होता आणि कुजक्या अंड्यासारखा चिखलाचा वास. पुलाच्या दोन्ही बाजूंना हजारो श्वासमुळं चिखलातून बोटांसारखी वर आलेली. काहींवर प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या होत्या. शाल्मली म्हणाली, प्रत्येक भरतीबरोबर शहर इथे येऊन टेकतं. श्वासमुळांवर प्लॅस्टिक घट्ट गुंडाळलं गेलं की मुळांना हवा मिळत नाही. हे मला फार लागलं.

इथलं मुख्य झाड तिवर. पानं वरून हिरवी, खालून राखाडी. एक पान न तोडता फांदी खाली ओढून शाल्मलीने माझ्यासमोर धरली. पानावर बारीक चमकणारे कण होते. बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. मीठ! खरंखुरं, स्वयंपाकघरातलं मीठ. वीस वर्षं ज्या ग्रंथी मी फळ्यावर काढल्या, त्यांचं काम माझ्या जिभेवर होतं.

आता त्यामागची गोष्ट सांगते, कारण पुढचे दोन दिवस तिच्याभोवतीच फिरले.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. बाहेर मीठ जास्त, म्हणून फोडीतलं पाणी बाहेर येतं. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात उभ्या असलेल्या झाडाची अवस्था त्या फोडीसारखी व्हायला हवी, पायाशी पाणी असून झाड सुकायला हवं. आमच्या उसाचं हेच झालं.

तिवर यावर तीन-चार पातळ्यांवर उपाय करते. मुळं गाळणीसारखी वागतात आणि पाण्यातले नव्वद टक्क्यांहून जास्त क्षार दारातच अडवतात. आत शिरलेल्यातलं बरंच पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. तरी जे उरतं ते पेशीच्या मधल्या रिक्तिकेत कोंडून ठेवलं जातं, घरातल्या कोठीत ठेवावं तसं. पण यातून एक अडचण उभी राहते. कोठीत मीठ भरलं की कोठी भोवतालच्या पेशीरसातलं पाणी ओढायला लागते. पेशीरसातही काहीतरी विरघळलेलं हवं, म्हणजे तोल राहील. तिथे मीठ चालत नाही, सोडियम वाढला की विकरांचं, म्हणजे एन्झाइमांचं, काम बिघडतं. मग झाड स्वतःच एक सौम्य पदार्थ बनवून पेशीरसात भरतं. कितीही साठवला तरी तो विकरांना त्रास देत नाही, उलट प्रथिनांची घडी सांभाळतो.

तिवरेत हा पदार्थ ग्लायसिन बीटेन असतो. बीटेन हे नाव बीटावरून पडलं, कारण तो आधी बीटाच्या रसात सापडला. भात मात्र तो साठवत नाही आणि खाऱ्या मातीत भाताची दैना होण्याचं हे एक कारण आहे. पुढे पाटी लावलेली चिपी आणि कांदळ होती. चिपीच्या कुळात हे काम मॅनिटॉल करतं, कांदळात त्याच धाटणीचं दुसरं द्रव्य. मॅनिटॉल ऐकल्यावर मी थबकले. काकांना अपघात झाला तेव्हा मेंदूची सूज उतरवायला शिरेतून तेच दिलं होतं. पाणी आपल्याकडे ओढायचा त्याचा गुण डॉक्टर तिथे वापरतात आणि चिपी इथे चिखलात वापरते.

साडेअकराला बोट निघाली. पौर्णिमा असल्याने भरती बाराच्या पुढे होती, पाणी झाडांच्या फांद्यांपर्यंत चढलेलं. फ्लेमिंगो दिसले तेव्हा बोटीतली लहान मुलंसुद्धा गप्प झाली. एक थवा उठला आणि पंखांखालचा लाल-काळा रंग एकदम उघडला.

*जाणाऱ्यांसाठी :* बोटीची वेळ घड्याळावर नाही, भरतीवर ठरते. आधी फोन करून वेळ विचारा आणि जागा राखून ठेवा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास मुंबईत भरती दुपारी बाराच्या सुमारास असते, पुढे रोज साधारण पाऊण तासाने सरकते. टोपी आणि पाण्याची बाटली हवीच. पान चाखायचं तर बोट फिरवून चाखा, तोडू नका.

रात्री ताईने मुद्दाम पांढरा रस्सा केला होता. मुलुंडमध्ये आमच्याकडच्या चवीचा रस्सा जेवताना बरं वाटलं.

दुसरा दिवस : भांडुप, आणि चुकलेली शिवडी

सकाळी साडेसहाला भांडुपच्या खाडीकडच्या रस्त्याला लागलो. पक्षी बघणाऱ्यांना ही वाट चांगली माहीत आहे. गळ्यात दुर्बिणी अडकवलेले दोन-तीन गट आमच्या आधीच पोचले होते. एका बाजूला खारफुटी, दुसऱ्या बाजूला जुनी मिठागरं, बरीचशी आता पडीक.

इथे जे बघितलं त्यासाठीच मी आले होते असं आता वाटतं. ओढ्याच्या कडेला तिवर दोन पुरुष उंच, घनदाट. तिथून आत, मिठागराच्या बाजूला तीच तिवर कमरेएवढी. आणखी आत गुडघ्याएवढी, पानं छोटी आणि जाड. मला वाटलं ही रोपं असतील. शाल्मलीने खोड दाखवलं. मनगटाएवढं जाड, गाठी पडलेलं, म्हातारं खोड होतं.

कारण साधं आहे. ओढ्याकाठी रोज दोनदा पाणी येऊन मुळं धुतली जातात. आतल्या भागात फक्त उधाणाचं पाणी पोचतं, मग दहा-बारा दिवस ऊन ते आटवतं आणि मातीतलं मीठ समुद्राहूनही वाढतं. तिथे झाडाची सगळी मिळकत टिकण्यात जाते. बीटेन आणि त्याच्यासारखंच काम करणारं प्रोलीन बनवायला नायट्रोजन लागतो, मीठ बाहेर ढकलायला ऊर्जा लागते. पानात तयार झालेल्या साखरेतला मोठा वाटा तिकडे गेला की वाढायला काही उरत नाही. "खारफुटीला काय, मीठ आवडतंच" असं आपण सहज म्हणतो. थोडं मीठ तिवरेला मानवतंही, पण त्या गुडघ्याएवढ्या म्हाताऱ्या झाडापाशी बसल्यावर मला ते वाक्य पुन्हा वर्गात म्हणवणार नाही. ती रोज किंमत मोजून उभी आहे.

मिठागराच्या बांधावर जमिनीसरपट एक मांसल पानांची वनस्पती पसरली होती, देठं तांबूस, फुलं इवलीशी गुलाबी. हा धापा. त्याच्याशेजारी मोरस, बारीक रसाळ पानांची, आणि तिचे शेंडे किरमिजी झालेले. सगळा बांधच कुंकू सांडल्यासारखा दिसत होता.

हा लाल रंग बीटासारखाच आहे, बीटासायनिन. धापा मीठ बाहेर टाकत नाही, पानात पाणी भरून ते पातळ करतो आणि रिक्तिकेत साठवतो. सोबत प्रोलीन आणि बीटेन असतंच. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही धाप्याच्या या क्षमतेवर संशोधन झालं आहे.

पण लाल कशाला व्हायचं? मीठ वाढलं की पाणी वाचवायला झाड पानावरची रंध्रं मिटून घेतं. रंध्रं मिटली की कार्बन डायऑक्साइड आत येत नाही. सूर्य मात्र थांबत नाही. हरितद्रव्य प्रकाश पकडतच राहतं आणि त्या ऊर्जेला साखर बनवायचं काम उरत नाही. ती ऑक्सिजनवर जाऊन पडते आणि त्यातून ऑक्सिजनची तापट रूपं तयार होतात, ती पेशीची पटलं आणि प्रथिनं जाळत सुटतात. म्हणजे मिठाचा खरा मार दोन ठिकाणी आहे, आधी तहान आणि मग ही आतली आग. ती विझवायला सुपरऑक्साइड डिसम्युटेज आणि कॅटलेजसारखी विकरं असतात, क जीवनसत्त्व असतं, ग्लुटाथायोन असतं. पानाच्या वरच्या थरातली फ्लॅव्होनॉइड्स अतिनील किरण अडवतात. आणि ही लाल रंगद्रव्यं उन्हाला पडद्यासारखी आडवी येतात, तयार झालेली आगही शोषून घेतात. आपण ज्यांना अँटिऑक्सिडंट म्हणून बाटलीतून विकत घेतो, ते मोरस बांधावर बसून स्वतःसाठी बनवत असते.

शाल्मलीने आणखी एक सांगितलं. मीठ पिकतं त्या शेवटच्या वाफ्यांत पाणी कधी कधी गुलाबी होतं. त्यात लवणप्रिय सूक्ष्मजीव असतात आणि ड्युनालिएला नावाचं एकपेशी शैवाल असतं. ते तहानेवर ग्लिसरॉल बनवतं आणि उन्हावर बीटा कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं द्रव्य. मला लगेच कालचे फ्लेमिंगो आठवले. त्यांचाही गुलाबी रंग स्वतःचा नसतो, खाडीतल्या सूक्ष्म शैवालांची कॅरोटीनवर्गातली द्रव्यं पोटात जाऊन पिसांत उतरतात. कुणीतरी उन्हापासून वाचायला बनवलेला रंग दुसऱ्याच्या पंखांवर जाऊन बसतो.

परतताना वाटेत वडापाव खाल्ला. सोबतच्या लसणाच्या सुक्या चटणीला आमच्या कांडपाच्या चटणीचा ठसका नाही, पण खोबऱ्याची चव छान होती.

संध्याकाळी शिवडीला गेलो आणि तिथे वेळ चुकली. माझ्या आग्रहामुळे दुपारची विश्रांती लांबली आणि शिवडीच्या किल्ल्यावर पोचेपर्यंत साडेपाच झाले होते. पाणी पार मागे गेलेलं. समोर मैलभर चिखल आणि त्याच्या टोकाला फ्लेमिंगोंची एक फिकट गुलाबी रेघ. अटल सेतू मात्र दूरवर जाताना स्वच्छ दिसत होता. किल्ल्यावर फिरायला आलेले एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "सुकतीला येऊन काय दिसणार? भरतीच्या दोन-तीन तास आधी नाहीतर नंतर यायचं, तेव्हा पाखरं काठाला असतात." ते लहानपणापासून शिवडीत राहतात. २६ जुलै २००५ च्या पावसाचं त्यांनी सांगितलं. सांताक्रूझला त्या दिवशी ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्यानंतरच लोकांना तिवरांची किंमत कळायला लागली असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरात खारफुटी तोडायला मनाई केली.

*शिवडीसाठी :* हार्बर मार्गावर शिवडी स्टेशनला पूर्वेला उतरा. भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय निघू नका. दुर्बीण नसेल तर किल्ल्यावरून फार काही हाती लागत नाही.

तिसरा दिवस : गोराई

बोरिवलीहून खाडी ओलांडायला छोटी बोट मिळते. पलीकडे पॅगोडाचा सोनेरी कळस आणि दोन्ही काठांना तिवर. पाच-दहा मिनिटांचा प्रवास, पण लोकलच्या गर्दीतून थेट पाण्यावर आलं की जीव मोकळा होतो.

गावाकडे चालताना एका वळणावर लालसर पिवळी पानं गळलेलं झाड दिसलं. मी पान उचलायला वाकले तर मागून हाक आली, "बाय, त्याला हात नको लावू! डोला जाईल!" डोक्यावर पाटी घेतलेल्या एक कोळीण आजी होत्या. ते झाड हुरा होतं. त्याच्या पांढऱ्या चिकात त्वचा आणि डोळे भाजणारी द्रव्यं असतात आणि डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होऊ शकतं. मिठाशी झगडताना बनवलेलं एकेक पान इतक्या कष्टाचं असतं की ते कुणी खाऊन टाकणं झाडाला परवडत नाही.

आजींनी विचारलं, "कुठशी आलीस?" शिरोळ त्यांना माहीत नव्हतं. कोल्हापूर म्हटल्यावर म्हणाल्या, "अंबाबाईचं." मग त्या आम्हाला घरीच घेऊन गेल्या.

अंगणात सुकट वाळत होती. आजींच्या पाटीत होती मोरस. काल बांधावर जिच्यापुढे मी तासभर बसले होते तीच, पण हिरवी, कोवळी. त्यांनी ती धुतली, पाण्यात उकळून ते पाणी फेकलं, घट्ट पिळली आणि कांदा, लसूण, मिरची, ओला जवळा घालून परतली. मी सवयीने मिठाचा डबा पुढे केला.

"मीठ नको टाकू गो, ती खारीच हाय."

तांदळाच्या भाकरीबरोबर खाल्ली. चव पालकासारखी, थोडी कुरकुरीत आणि शेवटी समुद्राची.

मग बोलणं जाळ्यांवर गेलं. त्यांचे वडील सुताची जाळी वापरायचे. मोठ्या भांड्यात झाडाची साल उकळायची, तांबडा काढा झाला की जाळी त्यात बुडवून सुकवायची. "मंग जालं कुजत नव्हतं." नायलॉन आलं आणि ते बंद झालं. शाल्मली माझ्याकडे बघून हसली, कारण तिचा प्रबंधच टॅनिनवर आहे. कांदळाची साल टॅनिनने भरलेली असते. टॅनिन प्रथिनांना घट्ट धरतं, म्हणून किड्याला पान पचत नाही, बुरशीला लाकूड कुजवता येत नाही, आणि त्याच गुणामुळे चामडं कमावता येतं नि सुताचं जाळं टिकतं. ती दोन वर्षं प्रयोगशाळेत ज्याचं प्रमाण मोजते आहे, त्याचा रंग आजींना वडिलांच्या हातांवर आठवत होता. "नखं कायम लाल असायची त्याची," म्हणाल्या.

निघताना मी आमच्या क्षारपडीबद्दल सांगितलं. आजी ऐकत राहिल्या, मग उठून घरामागे गेल्या. तिथे त्यांच्या कुंपणालगत धापा पसरला होता. चार-पाच कांड्या तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. खाडीतली खारफुटी तोडायला बंदी आहे, त्यामुळे मी काही नेण्याचा विचारही केला नव्हता. पण हे त्यांच्या अंगणातलं होतं आणि त्यांनी स्वतः दिलं. मी वाकून नमस्कार केला.

*गोराईसाठी :* बोटीसाठी सुटे पैसे ठेवा. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ चढतानाच विचारून घ्या. ओळख नसलेल्या झाडाचं पान किंवा फांदी उचलू नका, विशेषतः चीक येणारं. मोरस बाजारात क्वचित दिसते, गावात कुणाला तरी विचारलं तर मिळते.

घरी

रात्रीच्या गाडीने निघाले. फडकं दोनदा ओलं केलं.

घरी आल्यावर दोन कुंड्या भरल्या. एकीत परसातली चांगली माती, दुसरीत त्या तुकड्यातली पांढरी. मला माहीत आहे की नुसत्या धाप्याने आमचं रान सुधारणार नाही. मुळात पाणी साचतं, त्यासाठी जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करावा लागेल. शेजाऱ्यांनी तो केलाय, आमचं पैशांवर अडलंय. पण धापा मातीतला सोडियम ओढून पानांत साठवतो आणि कापून बाहेर नेला तर तेवढं मीठ रानातून जातं, यावर प्रयोग झालेले आहेत.

आज अकरावा दिवस. चांगल्या मातीतल्या कांडीला चार नवी पानं आली आहेत. पांढऱ्या मातीतलीला दोन, जरा जाड आणि देठाशी तांबूस.

सकाळी वडील कुंडीपाशी उकिडवे बसले होते. त्यांनी एक पान चिमटीत दाबलं, पाणी निघालं, ते जिभेला लावलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हात झटकत उठले आणि म्हणाले, "एकराला किती कांड्या लागतील?"